शटरमागची दोरी

माझ्या सख्ख्या मोठ्या भावाने मला फसवले. मी काढलेला नकाशा त्याने स्वतःचा म्हणून दाखवला, त्यावर काम आणि नाव मिळवले, आणि मला सांगितले की तो कागद कचऱ्यात गेला. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही. रागात बोलायचे ते मी त्याच्या घरी बोलले आहे आणि अलीकडे एका लग्नाच्या मांडवातही बोलले आहे. आता जे झाले ते क्रमाने लिहिते.

नकाशा एका खेळाचा होता. टीव्हीला जोडायच्या जुन्या कॉम्प्युटरवरचा खेळ. तो कॉम्प्युटर आमच्या घरी टाइपरायटर म्हणून आला. वडील सुरतेत, बमरोलीला, लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, कामाला होते. खात्याच्या सेठचा मुलगा परदेशी गेला तेव्हा त्याच्या खोलीतल्या वस्तू वाटून टाकल्या. वडिलांच्या वाट्याला बटणांची ती काळी पाटी आणि एका पिशवीत वायरी आणि कॅसेटा आल्या. पोरं टायपिंग शिकतील, ऑफिसात लागतील, असा त्यांचा विचार.

"यात कागद कुठून घालायचा?" आईने विचारले.

वडिलांनी ती पाटी उलटी करून पाहिली, हलवून पाहिली. "नव्या पद्धतीचं असेल. कागद लागत नसेल."

काही दिवस आम्ही दोघे भावंडे समोर पाटी ठेवून, कागदाशिवाय, मुकाट्याने टायपिंग शिकलो. मग भाऊ सेठच्या ड्रायव्हरला विचारून आला की याची वायर टीव्हीला लावतात आणि कॅसेट साध्या टेपरेकॉर्डरमध्ये घालतात. लावली. टेपमधून कोणाचा तरी गळा दाबल्यासारखा आवाज येत राहिला, पडद्यावर पट्टे पळत राहिले, आणि बऱ्याच वेळाने एक मोठ्या टोपीचा लहानसा माणूस उभा राहिला. आम्ही त्याला टोपीवाला म्हणू लागलो.

आमच्या टीव्हीबद्दल इथेच सांगते, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. तो लाकडी खोक्यातला टीव्ही होता, दोन बाजूंनी सरकणारे पट्ट्यापट्ट्यांचे शटर असलेला. डावे शटर नीट सरके. उजवे अडकलेले होते. पडद्याची उजवी कड चार बोटे झाकून ते कायम तिथेच असे. वडिलांनी एकदा पेचकस घेऊन प्रयत्न केला आणि सोडून दिले. बातम्या ऐकायच्या असतात, असे ते म्हणत. बातम्या देणाऱ्या बाईंचा एक खांदा आमच्या घरात कोणीही कधी पाहिला नाही.

खेळ असा होता: एक गाव झोपलेले आहे. मनोऱ्यातली घंटा वाजली की ते उठणार. टोपीवाल्याने फळ्यांवरून उड्या मारत, शिड्या चढत, विहिरी ओलांडत घंटेपर्यंत जायचे. तो कडेला पोहोचला की अख्खे चित्र बदले आणि पुढची जागा दिसे. आमच्याकडे तो आधी शटरच्या मागे जाई, क्षणभर दिसत नसे, आणि मग नव्या चित्रात डावीकडून बाहेर येई. ते आम्हाला खेळाचाच भाग वाटे.

वाटेत माणसे भेटत. प्रत्येकाला काहीतरी हवे असे आणि प्रत्येकजण बदल्यात काहीतरी देई. टोपीवाल्याच्या हातात दोनच वस्तू मावत, तिसरी घ्यायची तर एक खाली ठेवावी लागे. अक्षरे इंग्रजीत येत, ती आम्हाला धड वाचता येत नसत. मी देऊन-घेऊनच शिकले. पुलावरचा पहारेकरी कंदील मागतो. कंदील दिला तर तो सोडतो, पण पुढे खाण आहे, अंधारी, आणि आता कंदील नाही. त्याला विहिरीतला आरसा दाखवला तर तो आरशातच बघत बसतो आणि आपण कंदील घेऊन निघून जातो. मागितलेली वस्तू पहिल्या झटक्यात द्यायची नाही, आणि समोरच्याला खरोखर काय हवे आहे ते त्याच्या तोंडून ऐकायचे नाही, बघायचे, हे मी त्या पहारेकऱ्याकडून शिकले. आज बाजारात व्यापारी मला चिवट म्हणतात. त्याचे मूळ तिथे आहे.

बटणे भाऊ दाबायचा. त्याची बोटे चपळ होती. डोके माझे होते. हे मी फुशारकीने सांगत नाही, तसेच होते.

"उडी मार."

"थांब गं."

"आत्ता मार, नंतर काटे वर येतात."

"मग तूच ये ना खेळायला!"

"माझे हात कणकेत आहेत. मार, मार... मेला."

"तू बोललीस म्हणून मेला."

मेला की पहिल्यापासून. लाइट गेली तर कॅसेटही पहिल्यापासून. त्यामुळे कुठे काय आहे हे लक्षात ठेवणे भाग होते, आणि म्हणून मी नकाशा काढायला घेतला.

भाऊ तेव्हा एका जॅकार्डवाल्याकडे लागला होता. जॅकार्ड म्हणजे विणतानाच कापडात नक्षी उतरवायची पद्धत. नक्षी आधी बारीक चौकटींच्या मोठ्या कागदावर रंगाने भरतात, एक चौकट म्हणजे धाग्याची एक जागा, आणि त्यावरून पुढे पुठ्ठ्यांना भोके पाडतात. तिथले फाटके, डाग पडलेले कागद तो घरी आणी. टोपीवालाही चौकटींचाच बनलेला होता, जवळून पाहिले तर दिसे. म्हणून तो त्या कागदावर जसाच्या तसा बसला. एकेक जागा मी एकेका तुकड्यावर उतरवली: विहीर, पूल, खाण, मनोरा. रंग संध्याकाळी भाऊ भरी. मग तुकडे खळीने एकापुढे एक चिकटवले.

त्यात दोन गोष्टी माझ्या होत्या. शटरमागे काय आहे ते दिसत नव्हते, म्हणून प्रत्येक जागेच्या उजव्या कडेला मी एक कोरी पट्टी सोडली. जे पाहिले नाही ते काढायचे नाही, एवढाच विचार. आणि जिथे टोपीवाला हमखास मरे, तिथे मी दुकानाच्या दाराला बांधतात तशी लिंबू-मिरची काढली. खाली लिंबू, वर मिरच्या. भावाने विचारले होते, फुली का नाही मारत? मी म्हटले, फुली मारलेली दिसते, पण तिची भीती वाटत नाही.

खेळ आम्ही पुरा करू शकलो नाही. मनोऱ्यापर्यंत पोहोचलो. वर घंटा होती, वाजवायला दोरी नव्हती. आम्ही घंटेखाली बादली ठेवली, कंदील ठेवला, आरसा ठेवला, तिथल्या तिथे उड्या मारल्या. काही झाले नाही. भावाचे म्हणणे पडले की सेठच्या मुलाने बिघडलेली कॅसेट दिली.

त्याच सुमारास भाऊ घरी सांगू लागला की त्याच्या मालकांना कागद भरायला माणसे हवी आहेत, मुलींनासुद्धा घरी काम देतात, पण आधी हाताचे काम बघतात. मला शिलाई नको होती, साड्यांना टिकल्या चिकटवणे नको होते. हे हवे होते. माझ्याकडे दाखवायला तो नकाशा सोडून काही नव्हते. मी तो गादीखाली दाबून सरळ केला. भाऊ म्हणाला, "मी दाखवतो." वर्तमानपत्रात गुंडाळून तो घेऊन गेला.

संध्याकाळी रिकाम्या हाताने आला. आधी पाय धुतले.

"काय म्हणाले?"

"नाही म्हणाले. घरच्या पोरींना जमण्यासारखं नाही."

"नकाशा कुठंय?"

"कचऱ्यात टाकला त्यांनी. मी काय मागत बसू?"

मी म्हटले, मी स्वतः जाते, विचारते. वडील नको म्हणाले. आई म्हणाली, "कागदज व्हता ना वं." कागदच तर होता. पुढच्या महिन्यात कॉम्प्युटर भंगारवाल्याने नेला. टेपरेकॉर्डर आईने ठेवून घेतला.

नंतर माझे लग्न झाले, काही वर्षे मी खानदेशात सासरी होते. तिथे जमले नाही. मुलीला घेऊन परत सुरतेला आले आणि साड्यांचे गाठोडे उचलले. लिंबायतच्या गल्ल्या, मग नंदुरबारकडची गावे, मग गोडादऱ्यात एक गाळा, आता दुकान. हे सगळे मी कोणाच्या मदतीशिवाय केले, आणि त्याबद्दल मला इथे काही सांगायचे नाही. भाऊ या काळात कागद भरणारा राहिला नव्हता, मोठा डिझाइनवाला झाला होता. मला वाटे, मेहनतीने झाला. थोडीफार मेहनत असेलही.

एकदा कापड बाजारात एका व्यापाऱ्याने माझ्यासमोर साडी उलगडली. पदरावर विहीर होती. तिच्यापुढे पूल. पुलावर मोठ्या टोपीचा लहानसा माणूस, त्याच्या पायाशी लिंबू-मिरची.

"बेन, आ तो बहु चाले छे," तो म्हणाला. "आधी सगळी बाहेरच्या राज्यात जायची. आता तमारी खानदेश साइड पण मागते. लग्नात तर आ ज जोइए, हीच पाहिजे."

मी आधी भाव केला. रंग फिका आहे म्हटले, जरीला उठाव नाही म्हटले, विणीत ताण आहे म्हटले. तो कुठल्या दराला येईल हे मला ठाऊक होते, आणि तिथे तो येईपर्यंत मी पदराकडे परत पाहिले नाही. माल बांधायला सांगितल्यावर विचारले, डिझाइन कोणाचे?

त्याने माझ्या भावाचे नाव घेतले. वर म्हणाला, "एनी पहेली डिझाइन छे. यावरच तर जॅकार्डवाल्या सेठने त्याला डिझाइनचं टेबल दिलं."

तिथून मी रिक्षाने थेट भावाच्या घरी गेले. साडी त्याच्या पुढ्यात टाकली.

"दादा, टोपीवाला साडीवर काय करतोय?"

"कुठला टोपीवाला?"

"ज्याच्यासाठी मी लिंबू-मिरची काढली होती."

"ती कळी आहे. मोगऱ्याची."

"मोगऱ्याच्या कळीला मिरच्या कधीपासून लागायला लागल्या?"

वहिनी हसली. भावाने तिच्याकडे पाहिले तशी चहा टाकायला उठली.

"हे बघ," तो म्हणाला, "उड्या कोणी मारल्या? मी. कागद कुठला? माझ्या ऑफिसचा. रंग कोणी भरले?"

"रंग तू भरलेस. मान्य."

"मग?"

"मग नकाशा कोणाचा?"

"तुझं नाव सांगितलं असतं तर त्यांनी उघडूनसुद्धा पाहिला नसता. पोरीचं काम कोण घेतं?"

"सांगून पाहिलंस?"

चहा आला. मी कप बशीत असा ठेवला की बशी फुटली. दुसऱ्या दिवशी मी नवी बशी पाठवून दिली, वहिनीचा त्यात काही दोष नव्हता.

त्यानंतर आमचे येणे-जाणे थांबले असे नाही. भावाबहिणीचे थांबत नसते. तो भाऊबीजेला येतो, मी ओवाळते, तो मान खाली घालून ओवाळून घेतो. त्याच्या डिझाइनचे कौतुक मात्र वाढत गेले, आणि कौतुक कशाचे, तर कोऱ्या पट्टीचे. इतक्या भरगच्च पदरात मध्येमध्ये ती मोकळी जागा येते आणि डोळ्याला बरे वाटते, असे बायका म्हणतात. माझ्या दुकानातही म्हणतात, आणि मी ती साडी त्यांना विकते. समाजाच्या एका कार्यक्रमात त्याला शाल दिली तेव्हा तो बोलला, "काय काढायचं ते कोणालाही कळतं. काय सोडायचं ते कळायला डोळा लागतो." मी तिसऱ्या रांगेत बसले होते. टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढेच.

यंदा उन्हाळ्यात माझ्या मुलीने लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला. तिला मी लहानपणी टोपीवाल्याच्या गोष्टी सांगत असे.

"मम्मी, मिळाला तुझा टोपीवाला. जुने गेम सगळे मिळतात आता."

तोच होता. तीच विहीर, तोच पूल. रंग होते, आमच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर मी ते कधी पाहिले नव्हते. मुलगी बटणे दाबत होती, मी मागून सांगत होते. आरसा घे, कंदील देऊ नकोस, इथे थांब, काटे येतील. मला सगळे आठवत होते. फक्त प्रत्येक चित्राच्या उजव्या कडेला काहीतरी जास्त होते. विहिरीपाशी एक बाक. पुलाशी दिव्याचा खांब. खाणीत एक झोपलेला म्हातारा, ज्याच्या अंगावरून टोपीवाला आमच्याकडे हजारदा गेला असेल.

मनोरा आला.

"दोरी नाही याला," मी म्हटले. "आमचंही इथेच अडायचं."

"ही काय दोरी! शुं मम्मी, बघ की, एवढी मोठी तर आहे."

उजव्या कडेला, छतापासून जमिनीपर्यंत, दोरी लोंबत होती. तिने ओढली. घंटा वाजली, घरांतून माणसे बाहेर आली, हात हलवू लागली.

"बस? एवढंच?" मुलगी म्हणाली.

"एवढंच," मी म्हटले आणि कुकर लावायला गेले.

दोरी शटरमागे होती, आणि इतकी वर्षे कौतुक ऐकून मी जे विसरले होते ते शिट्ट्या होईपर्यंत मला नीट कळले. कोऱ्या पट्टीत डोळ्याचा विसावा नव्हता आणि कोणाची नजरही नव्हती. ते आमचे अडकलेले शटर होते. साडीच्या पदरावर, खानदेशातल्या लग्नालग्नांतून, वडिलांना पेचकसने न निघालेले शटर फिरत होते, आणि त्याबद्दल माझ्या भावाला शाल मिळाली होती.

मग त्याच्या मुलीचे लग्न आले. आमच्याकडे नवरीला पहिली हळद आत्या लावते आणि त्याआधी भाऊ बहिणीला मानाची साडी देतो. ती साडी घेतल्याशिवाय आत्याने हळदीला हात लावायचा नाही, अशी रीत. मांडव बायकांनी भरलेला. भाऊ ताट घेऊन आला. ताटात तीच साडी होती, भारी रेशमात, कोऱ्या पट्टीला जरीची किनार लावलेली. खास माझ्यासाठी विणून घेतली, असे त्याने सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले.

मी पदर उलगडून पसरला.

"दादा, ही पट्टी कशाची?"

"कशाची म्हणजे? माझी ओळखच आहे ती." व्याही जवळ उभे होते, त्यांच्याकडे बघून तो हसला.

"आपल्या टीव्हीचं कुठलं शटर अडकलेलं होतं?"

आधी तो हसत राहिला. मग त्याने पदराकडे पाहिले, पट्टी कुठल्या बाजूला आहे ते, आणि हसणे थांबले. त्यालाही ते तेव्हाच कळले असावे. इतकी वर्षे त्याने ती पट्टी विणून घेतली, तिच्यावर भाषणे केली, आणि ती काय आहे याचा विचार केला नव्हता, कारण ती त्याने सोडलेलीच नव्हती.

"बाई," तो हळू म्हणाला, "पाहुणे आहेत."

"म्हणूनच विचारते."

"काय झालं, काय झालं" सुरू झाले. वहिनी म्हणाली, मुहूर्त जातोय. आई आता थकली आहे, खुर्चीवर बसून होती, तिथूनच म्हणाली, "काब्र भांडस वं? तो तुना भाऊ शे, वैरी नही. ली ले साडी." कशाला भांडतेस, घेऊन टाक.

"ही माझीच आहे, आई. माझीच वस्तू मानाची म्हणून कशी घेऊ?"

मी पदर घडी केला, साडी ताटात परत ठेवली, आणि हळद घेतली. रीत मोडली, पण पोरीने काय केले होते? तिला हळद लावताना तिने कानाशी विचारले, "आत्या, कसलं शटर?"

"तुझ्या बापाला विचार."

लग्न व्यवस्थित पार पडले. नंतर सासरहून तिचा फोन आला. तिने विचारले होते म्हणे. बाप म्हणाला, आत्याला विचार.

तर आता असे आहे. साडी त्याच्या कपाटात आहे, आणि वहिनीने दोनदा निरोप पाठवला की घेऊन जा, अपशकुन नको. मला साडी नको. त्याचे टेबल, त्याचे नाव, मला काही काढून घ्यायचे नाही. माझे दुकान त्याच्या टेबलाएवढे आहे, कदाचित मोठे आहे. त्या वेळी मालकांनी नकाशा कोणाचा आहे हे कळूनही मला नाकारले असते, तर मी ते नाकारणे घेऊन जगले असते. मला कोणी नाकारलेच नव्हते. मला विचारलेच गेले नव्हते. आणि त्या दिवसापासून, हे आपल्याला जमणारे काम नाही, असे मानून मी त्या कामाजवळ परत गेले नाही.

दादा, भाऊबीज येते आहे. नेहमीसारखा येशील. मी पाट मांडीन. तुझी मुलगी आणि जावई असतील, माझी मुलगी असेल, आईला खुर्ची देऊ. तबक माझ्या हातात असेल आणि दिवा लावलेला असेल. ओवाळण्याआधी या सगळ्यांसमोर एवढे सांग: तो नकाशा कोणी काढला होता, आणि तो कचऱ्यात गेला असे तू मला का सांगितलेस? तोपर्यंत मी हात हलवणार नाही. दिव्यात तेल भरपूर घालीन.